झेब्रा, अबलख घोडा आणि सारंगखेड्यात ऐकलेली एक थाप

तापीकाठ (धागाकर्ता)

दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेलो होतो. एकमुखी दत्ताचं दर्शन झालं की पाय आपोआप घोडेबाजाराकडे वळतात, घ्यायचं काही नसतं, आपल्याकडे ना तबेला ना तेवढा पैसा, पण बघायला काय जातंय. तिथे एका व्यापाऱ्याकडे मातकट पिवळ्या रंगाचा घोडा होता, पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत काळी रेघ आणि पायांवर गुडघ्यापाशी पुसट आडव्या पट्ट्या. भोवती गर्दी, आणि हा बाबा हिंदीत ठासून सांगतोय की याच्या पणजीला झेब्रा लावला होता, म्हणून पायावर पट्टे आणि म्हणून किंमत जास्त. चार लोकं माना डोलवत होती. शेजारीच एक अबलख घोडी बांधलेली, काळ्यावर मोठमोठे पांढरे डाग, तर भाचा म्हणतो मामा हा पण झेब्राच ना, फक्त पट्टे बिघडलेत.

हसलो, पण खरं सांगायचं तर मला नीट उत्तर देता आलं नाही. दोघंही काळेपांढरे, दोघंही घोड्यासारखे, मग फरक नेमका कुठे? झेब्रा घोड्याला लागतो का? आणि लागत असेल तर आपल्याकडे ते रक्त येऊ शकतं का? इथे जाणकार आहेत, जरा उजेड पाडा.

शेवभाजी_जास्त_तिखट

पणजी आफ्रिकेला गेली की झेब्रा शहाद्याला आला? तिकीट कोणी काढलं भो 😂
जागा धरून ठेवतो, वाचतोय.

जीवशास्त्राचा_मास्तर

थाप आहे हे नक्की, पण अगदीच हवेतली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घोडा, गाढव आणि झेब्रा हे तिघंही एकाच एक्वस कुळातले, त्यामुळे झेब्रा घोडीला लागू शकतो आणि शिंगरूही होतं. हे आजचं नाही. स्कॉटलंडमध्ये पेनिक्विक इथे एवार्ट नावाच्या प्राध्यापकाने 1890 च्या दशकात मातोपो नावाचा झेब्रा घोड्यांना लावून अशी बरीच शिंगरं जन्माला घातली. पण असं शिंगरू वाढलं की त्याची पुढे वीण होत नाही. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, आणि झेब्र्यांत मैदानी झेब्रा 44, ग्रेव्हीचा झेब्रा 46, डोंगरी झेब्रा तर फक्त 32. खेचराची 63 होतात आणि तेच वांझ निघतं, इथे तर दरी त्याहून मोठी आहे. म्हणजे पणजीपाशीच वंश संपला, पणतू कुठून येणार? शिवाय असं संकरित शिंगरू दोन पुसट पट्ट्यांवर थांबत नाही, आईचा रंग खाली आणि त्यावर अंगभर बारीक पट्टे, पायांवर तर गच्च. कोणीही लांबून ओळखेल.

मजा अशी की एवार्टने हे प्रयोग का केले तर तुमच्या व्यापाऱ्याने मारली तशाच एका थापेची तपासणी करायला. लॉर्ड मॉर्टन नावाच्या एका स्कॉटिश सरदाराने आपल्या तांबड्या अरबी घोडीला क्वाग्गा लावला होता. क्वाग्गा म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला झेब्र्याचाच प्रकार, पुढचं अर्धं अंग पट्ट्यांचं आणि मागचं तपकिरी, आता नामशेष, शेवटचा 1883 साली ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. तर शिंगरू झालं ते संकरित. पुढे तीच घोडी दुसऱ्या मालकाकडे गेली, तिला काळा अरबी घोडा लावला, तरी तिच्या पिलांच्या पायांवर पट्टे आले! 1820 च्या सुमारास हे रॉयल सोसायटीला कळवलं गेलं आणि पहिल्या नराची खूण आईच्या पोटात राहते असा समज पक्का झाला. डार्विनसुद्धा त्यावर विसंबला होता. एवार्टने आधी झेब्रा लावलेल्या घोड्यांना नंतर साधे घोडे लावले, आणि पट्ट्यांचा झेब्र्याशी काही संबंध नाही असं दाखवलं, कारण ज्या घोडीने जन्मात झेब्रा पाहिला नाही तिच्या पिलांनाही तसेच पट्टे येतात.

मग ते पट्टे कुठले? तो घोड्याचा स्वतःचा जुना रंग आहे. रानटी घोड्यांचा रंग असाच मातकट असायचा, पाठीवर काळी रेघ, पायांवर पट्ट्या. मंगोलियाच्या रानटी घोड्याला आजही आहे. कच्छच्या रणातल्या रानगाढवाच्या पाठीवर रेघ दिसते, आपल्या गावातल्या कुंभाराच्या गाढवाच्या खांद्यावरची आडवी रेघ तर सगळ्यांनी पाहिलीय. टीबीएक्स-3 नावाचा जीन केसाच्या एकाच बाजूला रंग भरू देतो, त्यामुळे अंग फिकट दिसतं, आणि जिथे तो गप्प असतो तिथे रेघ गडद राहते. 2016 साली हे उलगडलं. त्या घोड्याच्या किमतीत झेब्र्याचे पैसे धरले असतील तर ते वजा करा.

शेवभाजी_जास्त_तिखट

मास्तर तुम्ही एकदा बाजारात उभे राहा, निम्मे व्यापारी दुसऱ्या दिवशी गाशा गुंडाळतील.

अहिराणी_गडी

आमना आजा सांगे का अबलख घोडाले लगीनमा जास्त मागणी ऱ्हास. माले तं धवया घोडाच आवडस. बाकी झेब्रा मी फक्त टीव्हीवर दखा शे 😀

रेवालचाल

मी शहाद्याजवळचा, घरात मारवाडी घोड्या आहेत, त्यात एक अबलख. मास्तरांनी जीन वगैरे सांगितलं ते त्यांचं काम, मी हातात आलेलं सांगतो.

अबलख घोडी धुवायला काढा आणि अंग पूर्ण ओलं होऊ द्या. कोरडी असताना पांढरा डाग म्हणजे फक्त पांढरे केस वाटतात, पण पाणी पडलं की केस अंगाला चिकटतात आणि खालची कातडी दिसायला लागते. पांढऱ्या डागाखाली ती चक्क गुलाबी असते, आणि काळ्या भागाखाली राखाडी-काळी. अजून एक गंमत म्हणजे दोन्हींची सीमा केसांच्या सीमेशी तंतोतंत जुळत नाही, कडेला बोटभर पट्टी अशी येते की खाली कातडी काळी पण वर केस पांढरे, त्यामुळे कोरडेपणी कडेला निळसर छटा मारते. ती छटा बघूनच मी ओळखतो की डाग खरा आहे. बाजारात रंग लावून डाग लपवतात किंवा नवे काढतात हे मी स्वतः पाहिलंय. ओलं फडकं फिरवा आणि केस बाजूला करून मुळाशी बघा, मुळं वेगळ्या रंगाची निघाली की चालू लागा.

पांढऱ्या घोड्यांचंही तसंच. जो काळपट जन्मतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो त्याची कातडी काळीच राहते. नुकरा, म्हणजे जन्मापासूनच पांढरा, मात्र आतूनच गुलाबी. आमच्या उन्हात नुकरा सांभाळणं म्हणजे पैसेवाल्याचं काम.

आता झेब्र्याच्या पांढऱ्या पट्ट्याखाली काय असतं ते मास्तरांना विचारतो, कारण धुवायला झेब्रा काही मिळायचा नाही.

जीवशास्त्राचा_मास्तर

रेवालचाल, तुमची पोस्ट माझ्या पोस्टपेक्षा कामाची आहे. आणि प्रश्न तर अगदी मुद्द्यावर बोट ठेवणारा.

झेब्र्याची कातडी सगळीकडे काळी. पांढऱ्या पट्ट्याखालीसुद्धा काळी. भादरलेला झेब्रा काळाच दिसेल. तिथे रंग तयार करणाऱ्या पेशी हजर आहेत, पण पांढऱ्या पट्ट्यातल्या केसांना त्या रंग देत नाहीत. म्हणजे झेब्रा हा काळा प्राणी, ज्याचा रंग ठरावीक ठिकाणी बंद केलाय.

अबलख घोड्याच्या पांढऱ्या डागात त्या पेशी मुळात नाहीतच. गर्भात या पेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघतात आणि खाली अंगभर पसरत जातात. कपाळ, नाकपुड्या, पोट, पायाची टोकं हे त्यांच्या वाटेचे शेवटचे मुक्काम. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचलं नाही की तो कोरडा राहतो, तसंच. म्हणून बहुतेक घोड्यांचा पांढरेपणा कपाळावर आणि पायांवरच असतो, पंचकल्याणी म्हणतात तो हाच. सगळे अबलख मात्र या नियमात बसत नाहीत. टोबियानो म्हणून जो प्रकार आहे त्यात पांढरं थेट पाठीवरून आडवं जातं, कारण तिथे किट नावाच्या जीनशेजारी गुणसूत्राचा मोठा तुकडाच उलटा बसलेला आहे, हे 2007 मध्ये कळलं.

दुसरा फरक म्हणजे झेब्र्याचे पट्टे हा सगळ्या जातीचा नियम आहे. प्रत्येकाची नक्षी वेगळी, पण आईबाप पट्टेवाले तर पिलू पट्टेवालं. ते कधी ठरतात तेही मजेशीर आहे. जोनाथन बार्ड यांनी 1977 मध्ये मांडलं की मैदानी झेब्र्यात गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात पट्टे आखले जातात, डोंगरी झेब्र्यात चौथ्या आणि ग्रेव्हीच्या झेब्र्यात पाचव्या. उशिरा आखले तर तोवर गर्भ मोठा झालेला, त्यामुळे पट्टे जास्त आणि बारीक. घोड्याचे डाग असे आखलेले नसतात, एकाच आईबापाची दोन शिंगरं काढा, एकाला पोटभर पांढरं आणि दुसऱ्याला नखाएवढं.

तापीकाठ

बाप रे, हे भारी आहे. म्हणजे भाच्याला एवढंच सांगतो की झेब्रा आतून काळा आणि घोडी आतून दोन रंगांची. बाकी अंगाने काय फरक?

रेवालचाल

ते तर लांबूनही दिसतं. झेब्र्याची आयाळ ताठ उभी, ब्रशसारखी, आणि पट्टे त्या आयाळीतही चढलेले. कपाळावर झुलपं नाहीत. शेपूट गाढवाच्या वळणाची, टोकाला झुबका. आमच्या मारवाडीचे कान आत वळून टोकं एकमेकांना भिडतात, झेब्र्याचे कान मोठे, गोलसर. आणि पायाच्या आतल्या बाजूला जो शिंगासारखा कडक चट्टा असतो तो घोड्याला चारही पायांवर, झेब्र्याला आणि गाढवाला फक्त पुढच्या दोन. घोडी अकरा महिन्यांत विते, झेब्रा वर्षभर किंवा थोडं जास्तच घेतो.

केळीबाग_रावेर

मला एक कळत नाही, मग लोकांनी झेब्रा पाळला का नाही? लहानपणापासून माणसात वाढवला तर का नाही होणार? युरोपात कोणीतरी झेब्र्यांची बग्गी पळवत होतं असं वाचलंय.

जीवशास्त्राचा_मास्तर

हो, वॉल्टर रॉथस्चाइल्ड. लंडनमध्ये झेब्रे जोडून बकिंगहॅम पॅलेसपर्यंत गाडी नेली त्याने. पण एखादा झेब्रा शिकवणं वेगळं आणि जात पाळीव करणं वेगळं. पाळीव होण्यासाठी पिढ्यानपिढ्या शांत जनावरं निवडून त्यांचीच वीण करावी लागते. झेब्रा वयाबरोबर जास्त खट होतो, चावला की सोडत नाही, आणि फास टाकला की डोकं वाकवून चुकवतो. सिंह, तरस आणि मगरीच्या शेजारी राहिलेल्या प्राण्याला सावध राहण्याचंच बक्षीस मिळतं. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतवाल्यांनीही खटाटोप करून पाहिला, शेवटी घोडे आणि खेचरंच वापरली.

केळीबाग_रावेर

पटलं पण पूर्ण नाही. घोडाही कधीकाळी रानटीच होता की. आपल्या बापजाद्यांना झेब्रा मिळाला असता तर काय केलं असतं कोणी सांगावं. असो.

गुरांचा_डॉक्टर

पट्ट्यांचा फायदा काय यावर कोणी बोललंच नाही, आणि तोच माझा आवडता भाग.

सिंहाला चकवायला पट्टे ही शाळेतली गोष्ट फारशी टिकली नाही. सिंहाला लांबून पट्टे दिसतच नाहीत, आणि जिथून दिसतात तिथे तो आवाजावर आणि वासावर आधीच आलेला असतो. थंडाव्याचं म्हणाल तर पाण्याच्या पिंपांना कातडी गुंडाळून उन्हात ठेवून पाहिलंय, पट्टेवालं पिंप काही जास्त गार राहिलं नाही. आज सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो माश्यांचा. टिम कॅरो आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये इंग्लंडात झेब्रे आणि घोडे एकाच जागी ठेवून बघितलं. घोडमाश्या दोघांच्या जवळ सारख्याच येतात, पण झेब्र्यावर नीट उतरता येत नाही, आदळतात किंवा वरून निघून जातात. मग घोड्यांना काळे, पांढरे आणि पट्टेरी झूल घालून पाहिलं. पट्टेरी झुलीवर माश्या खूपच कमी बसल्या, पण डोकं उघडं होतं तिथे मात्र सगळ्यांवर सारख्याच. म्हणजे खेळ नक्षीचाच आहे.

आणि हे आपल्याला का कळायला पाहिजे, तर घोड्याला सर्रा होतो तो याच घोडमाश्यांमुळे पसरतो. त्याचा जंतू 1880 साली ग्रिफिथ एव्हान्स यांनी तेव्हाच्या पंजाबात डेरा इस्माईल खानला शोधला, आपल्याच उपखंडात. घोड्याला ताप येतो-जातो, पाय आणि पोटाखाली सूज, दिवसेंदिवस खंगत जातो. आफ्रिकेत त्सेत्से माशीमुळे तसाच नगाना होतो. झेब्र्याचे केस आखूड, माशीचा डंख सहज आत जातो, म्हणून त्याला नक्षीचा उपाय लागला असं मानतात.

जपानमध्ये काळ्या गायींवर पांढरे पट्टे रंगवून पाहिलं, चावे जवळपास निम्म्यावर आले. 2025 मध्ये त्या संशोधकांना इग नोबेल मिळालं, विनोदी पुरस्कार असतो तो.

शेवभाजी_जास्त_तिखट

म्हणजे आपण पोळ्याला बैल रंगवतो ते पण शास्त्रीयच की! फक्त ठिपके सोडून पट्टे मारायचे.

रच्याकने, 2018 मध्ये कैरोच्या एका बागेत झेब्रा म्हणून रंगवलेलं गाढव ठेवलं होतं, उन्हाने तोंडावरचा काळा रंग पसरला आणि फोटो जगभर फिरले. गाझातल्या एका प्राणिसंग्रहालयाने 2009 मध्ये दोन पांढरी गाढवं अशीच रंगवली होती, खरे झेब्रे आणणं परवडत नव्हतं म्हणून.

जुनी_पानं

रंगवलेल्या जनावराचा संशय तर आपल्या बादशहालाही आला होता. जहांगिराच्या दरबारात 1621 मध्ये मीर जाफरने हबश देशाकडून, म्हणजे आजच्या इथिओपियाकडून, झेब्रा आणून दिला. तुझुक या आपल्या आत्मचरित्रात जहांगीर लिहितो की हे इतकं अजब होतं की काही लोकांना वाटलं रंगवलंय, मग बारकाईने पाहिलं तेव्हा कळलं की रंगवणारा वरचा आहे. त्याने उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं, आणि नंतर तो झेब्रा इराणच्या शाह अब्बासला भेट म्हणून गेला. ते चित्र आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. पट्टे तर झकास आहेतच, पण मला त्यातलं तोंड जास्त आवडतं, जरा वैतागलेलं. तेव्हा खानदेश सुभा होता आणि राजधानी बुऱ्हाणपूर, तिथे कोणी हा प्राणी पाहिला असता तर आपल्या व्यापाऱ्यांनी काय भाव सांगितला असता देव जाणे.

तापीकाठ

हे माहीतच नव्हतं! भाचा विचारतोय, डागवाला झेब्रा असतो का मग?

जीवशास्त्राचा_मास्तर

असतो, पण फार क्वचित. 2019 च्या सप्टेंबरमध्ये केनियातल्या मसाई माराला एक पिलू दिसलं होतं, अंग काळंभोर आणि पट्ट्यांच्या जागी पांढरे ठिपके. ज्या गाइडने पाहिलं त्याच्या आडनावावरून त्याला टिरा म्हणायला लागले. तिथे पेशी हजर होत्या, फक्त नक्षी बिघडली. म्हणजे दिसायला अबलखच्या जवळ पण कारण वेगळं.

रेवालचाल

डॉक्टरसाहेब, विषय निघालाच आहे तर माझं काम करा. घोडीच्या नाकाचा शेंडा पूर्ण गुलाबी, एप्रिल-मे आला की खपली धरते, पापुद्रे निघतात. आणि तिला दुसरा अबलख घोडाच लावावा असा एकाचा सल्ला आहे, रंग पक्का येईल म्हणून.

गुरांचा_डॉक्टर

नाकाचं ऊन आहे ते. गुलाबी कातडीला रंगाचं संरक्षण नसतं. दुपारी अकरा ते चार सावलीत बांधा, नाकावर झिंक ऑक्साइडचा मलम सकाळीच लावा, चाटून गेला तर पुन्हा लावा. डोळ्याच्या कडा गुलाबी असतील तर तिथे नीट लक्ष ठेवा, न भरणारी जखम किंवा फुलकोबीसारखी वाढ दिसली तर थांबू नका, उन्हामुळे तिथे कॅन्सर होतो. कुरणात घाणेरी असेल तर काढून टाका, गुरं ती खाऊन उन्हात गेली की पांढऱ्या डागांची कातडी सोलून निघते हे मी बघितलंय.

रंगाचं सांगतो. सगळे डाग एकाच जीनचे नसतात. अमेरिकन पेंट घोड्यांत फ्रेम नावाचा प्रकार आहे, दोन्ही आईबाप त्याचे असले तर चारात एक शिंगरू पांढरंशुभ्र जन्मतं आणि काही दिवसांत पोटदुखीने जातं, कारण रंगाच्या पेशी आणि आतड्याच्या नसा एकाच ठिकाणाहून निघतात आणि दोन्ही पोचलेल्या नसतात. टोबियानोला तो धोका नाही. दिसण्यावरून मात्र दोन्हींत फसगत होते. तुमच्या घोडीच्या आई-वडिलांचे आणि भावंडांचे फोटो असतील तर पाठवा, पाठीवरून पांढरं ओलांडतं का आणि डोळे काचेसारखे निळे आहेत का ते आधी बघू. आणि घोडा निवडताना पाय, छाती आणि स्वभाव बघा, रंग शेवटी.

रेवालचाल

फोटो उद्या सकाळी काढून पाठवतो, आता अंधार झालाय. मलम कुठला घेऊ, माणसांचा चालेल का?

गुरांचा_डॉक्टर

चालेल, वास आणि रंग नसलेला साधा घ्या. लावायच्या आधी खपली ओढून काढू नका, कोमट पाण्याने भिजवून आपोआप निघू द्या.